पाल्याचं नाव सांगणार नाही

आधीच सांगतो, कागद-पेन खाली ठेवा. या लेखात लसूण आहे, मध आहे, कोकमाचं आगळ आहे, तांदळाची पेज आहे आणि पायाची एक जखम आहे. म्हणजे तुम्हाला वाटणार, आता हा एखादा घरगुती उपाय सांगेल आणि आपण तो फॅमिली ग्रुपवर टाकू. नाही सांगणार. लेख सगळा एका पाल्यावरून आहे, पण त्या पाल्याचं नावसुद्धा सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातलं कुणीतरी उद्या सकाळी तो वाटणार आणि कुठेतरी लावणार. मग बाई आहेत तिथून मला ओरडणार.

आणि जे मला ओळखतात त्यांना वाटत असेल, मिमिक्रीवाला लिहितोय म्हणजे धमाल. तर तसंही नाही. बाई गेल्या वर्षी गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली तेव्हा दोघं-तिघं हळूच कानात म्हणाली, "यार, एकदा बाईंचा आवाज काढ ना, सगळ्यांना बरं वाटेल." मी उठलो, माइकपर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो. एकदा नको तिथे काढला होता, तेवढा पुरे. त्या सभेला आमच्या लॅबचे काका आले होते, दहिसरहून, लंगडत. त्यांनी निशिगंधाच्या हारांशेजारी एक हिरवी डहाळी ठेवली. लोकांना वाटलं तुळस. तुळस नव्हती.

बाई म्हणजे अंधेरीतल्या एका कॉलेजात आमची जी लॅब होती, तिच्या मुख्य. मुंबईत सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी तालुक्याच्या गावात शिकून तिथे कामाला लागलेला. आमच्याकडे शिकवणारी बाई म्हणजे बाईच. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून "येऊ का बाई?" निघालं आणि अख्खी लॅब फुटली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाईच म्हण. मॅडम म्हटलं की मला पदर नीट करावासा वाटतो." तेव्हापासून त्यांना बाई म्हणणारा मी एकटाच.

त्यांचा आवाज जाड, जरा नाकात, आणि वाक्यातला शेवटचा शब्द अगदी हळू. बरणीला झाकण लावावं तसा. गावात मी हेडमास्तरांचा आवाज काढायचो, एसटीच्या कंडक्टरचा काढायचो, तहसीलमधल्या शिपायाचा काढायचो. पण बाईंचा जमायला वेळ लागला, कारण त्या मध्येच थांबायच्या, आणि कुठे थांबतील ते कळायचं नाही. ज्या दिवशी ते थांबणं जमलं, त्या दिवशी मी कॉरिडॉरमधून नुसतं "उठले का?" म्हणालो आणि तीन पोरी मोबाइल खिशात टाकून कामाला लागल्या.

"उठले का?" म्हणजे जंतू उठले का. बाई जंतूंना कधी अरे-तुरे करत नसत. सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी इन्क्युबेटर उघडून विचारायच्या, उठले का, जेवले का, काल कोणाचं काय झालं.

काम काय होतं ते सांगतो, सोपं आहे. एक चपटी बशी घ्यायची, तिच्यात जेलीसारखा थर. त्यावर जंतू पसरायचे. मग कागदाची बारीक टिकली एखाद्या पाल्याच्या अर्कात बुडवायची, वाळवायची आणि मधोमध ठेवायची. रात्रभर ऊब दिली की सकाळी सगळ्या बशीवर जंतूंची दुधाळ साय धरते. अर्कात काही दम असेल तर टिकलीभोवती जंतू नसतात, तिथं स्वच्छ गोल दिसतो. बाई त्याला खळं म्हणायच्या. चंद्राला पडतं ना, तसं. आणि त्याच बशीत अजून एक टिकली ठेवायची, जिच्यात पाला नाहीच, नुसतं अर्क काढायचं अल्कोहोल. तिला म्हणायचं कंट्रोल. तिच्याभोवतीही खळं पडलं तर पाल्याचं कौतुक बंद.

बाईंना हे कंट्रोल आयुष्यात सगळीकडे लागायचं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, नवस केला आणि मुलगा पास झाला. बाई म्हणाल्या, "नवस न केलेला कोण होता वर्गात? त्याचं काय झालं?" सर्दी झाली की एका सर्दीला काढा घ्यायच्या आणि पुढच्या सर्दीला मुद्दाम घ्यायच्या नाहीत. दोन्ही वेळा तितक्याच शिंकायच्या. घरी कुणीतरी विचारायचं, आता बरं वाटतंय का? तर यांचं उत्तर, "कशाच्या तुलनेत?"

जेवणाच्या सुट्टीत त्या डब्याडब्यांवरून फिरायच्या. ही चटणी कोणाची, चमचाभर देता का. नवीन माणसाला वाटायचं, बाईंना आवडली. दुसऱ्या दिवशी बाई येऊन त्याला सांगायच्या, तुमच्या आईच्या लसणीनं काल छान खळं पाडलं हो. स्टेशनबाहेरच्या वडापावची सुकी चटणी आम्ही बशीवर ठेवली होती. कोकमाचं आगळ ठेवलं होतं. त्याचं खळं मोठं पडलं, सगळे खूश, तर बाईंनी शेजारी लिंबू ठेवलं आणि त्याचंही तेवढंच पडलं. "आंबटपणा आहे नुसता, बाकी काही कळलं नाही." ताक, नाचणीची आंबील, शिळा भात, सगळ्यांची पाळी झाली. ताज्या पेजेच्या टिकलीभोवती तर खळं सोडाच, जंतू अजून गुबगुबीत झाले. बाई बशीला झाकण लावत म्हणाल्या, "आजाऱ्याला पेज देतात ना, तेव्हा हेही पंगतीला बसतात."

प्रिन्सिपॉल सरांनी एकदा जंगलातला अस्सल मध म्हणून बाटली पाठवली. मधाचं खळं झकास पडलं. सर बघायला आले, खांद्यावर शाल असल्यासारखे उभे राहिले. बाईंनी दुसरी बशी पुढे केली. तिच्यात साखरेचा घट्ट पाक होता, खळं साधारण तेवढंच. बाई म्हणाल्या, मध वाईट आहे असं मी म्हणत नाही सर, पाकापेक्षा चांगला आहे असं मला म्हणता येत नाही. त्या वर्षी आमच्या लॅबला नवीन पंखा मिळाला नाही.

बोरिवलीला त्यांच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. आजीच्या बटव्यातली औषधं या विषयावर बोला म्हणून बायकांनी त्यांना बोलावलं. बाई पिशवीतून एक सीलबंद बशी घेऊन गेल्या. आम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं खळं त्या बशीत होतं. सगळ्यांच्या हातातून फिरवली, सगळ्या म्हणाल्या वा, कुठलं हो औषध? बाई म्हणाल्या, "फिनेल. आता कोण घेणार दोन चमचे?" वाण म्हणून त्यांना स्टीलची डबी मिळाली. पुढच्या वर्षी आमंत्रण मिळालं नाही. मी विचारलं, वाईट वाटलं का बाई? तर म्हणाल्या, डबी चांगली आहे, टिकल्या ठेवल्यात मी तिच्यात.

पण एक सांगतो. पाला आणणाऱ्याला त्या कधी हसल्या नाहीत. आरे कॉलनीतल्या पाड्यांवर जायच्या, कुणाच्या ओट्यावर बसायच्या, तुमच्याकडे जखमेला काय लावतात, तापाला काय देतात, विचारायच्या. पाला आणायच्या तो देवघरातली परडी आणावी तसा. आणि त्यांचा एक नेमच होता, ज्याचा पाला त्याला बशी दाखवायची. खळं पडो न पडो. माणूस लांबचा असेल तर बशी डब्यात घालून स्वतः घेऊन जायच्या. दाखवताना एकच बोलणं असायचं, माझं पाठ आहे: "बशीत मेले, एवढं कळलं. पाल्यातलं काय मारतं, माहीत नाही. माणसाच्या अंगात मारेल का, माहीत नाही. माणसालाच मारेल का, तेही माहीत नाही."

आता काका. काका म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. वापरलेल्या बश्या मोठ्या कुकरमध्ये उकडून साफ करणं, काचसामान धुणं, त्यांच्याकडे. मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे दहिसरच्या चाळीत वाढलेले. शुगर होती, पण शुगर आहे असं म्हणायचं नाही, "थोडा गोड आसा" म्हणायचे. काकांचा बाईंवर असा विश्वास की बाईंनी सांगितलं असतं तर त्यांनी उकडलेल्या बशीला नमस्कार केला असता.

हा जो पाला, नाव न सांगितलेला, तो काकांचा. त्यांच्या गावच्या डोंगरात होतो. त्यांची आजी कुणाला कोयता लागला, काटा गेला की हाच वाटून लावायची. काकांनी चाळीत दाराबाहेर रंगाच्या डब्यात त्याचं रोप लावलं होतं. एक दिवस बाईंपुढे पिशवी ठेवली. "आजयेचो पालो आसा, मॅडम. एकदा बघा."

बाईंनी बघितला. कंट्रोलच्या टिकलीभोवती काही नाही, आणि पाल्याच्या टिकलीभोवती खळं. मोठं. कडा इतकी स्वच्छ की बाई बशी खिडकीपाशी नेऊन बघत राहिल्या. दुसऱ्या जंतूंवर लावलं, तिथेही पडलं. मग नेमाप्रमाणे काकांना बोलावलं, बशी हातात दिली आणि आपलं ते पाठ बोलणं सगळं बोलल्या. काकांनी हात पुसून बशी घेतली, डोळ्यांना लावली. आपण काय करतो माहितीये का, पहिलं वाक्य ऐकतो आणि पुढच्यांना मान हलवतो. काकांनी "बशीत मेले" ऐकलं. तीन वेळा "माहीत नाही" आलं, तेव्हा ते मनाने गावी पोचले होते.

मग कधीतरी त्यांना नवीन बूट चावला. आम्हाला पत्ता नाही.

पावसाळा संपत आला होता. एका शुक्रवारी लॅबमध्ये वास यायला लागला. गोडसर, काळ्या द्राक्षांसारखा. बाहेरच्या माणसाला वाटेल कुणीतरी ज्यूस सांडला, पण लॅबच्या माणसाला तो वास ओळखीचा असतो. एका जातीचे जंतू बशीत माजले की तसाच वास येतो, आणि बशीत हिरवी झाक दिसते. बाई माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, कुठली तरी बशी उघडी राहिलीये, शोध. आम्ही सगळा इन्क्युबेटर रिकामा केला, फ्रिज काढला, टेबलांखाली वाकलो. काकाही आमच्याबरोबर शोधत होते. एकेक बशी नाकाशी नेऊन म्हणायचे, हेच्यात नाय. बाईंच्या शेजारी उभे राहून.

बशी सापडली नाही. कशी सापडणार? जगात कुठलाही माणूस असता तर त्याला वाटलं असतं, कुणाला तरी काहीतरी झालंय. आम्हाला वाटलं, बशी उघडी आहे.

शनिवारी सकाळी बाई आरेच्या बसने पाड्यावर गेल्या. तिथे आत फोन लागायचा नाही. मी लॅबमध्ये एकटाच होतो आणि आज वास नव्हता. मग काका चहा घेऊन आले आणि वास आला. काका गेले, गेला. मी उठून त्यांच्या मागे धुण्याच्या खोलीत गेलो. ते स्टुलावर बसले होते, डावा पाय बुटात नव्हता, वर फडकं बांधलेलं. मी म्हटलं, काका, सोडा ते. ते म्हणाले, काय एक नाय रे, सुकत इला. मी खालीच बसलो आणि स्वतः सोडलं. फडक्याला आतून हिरवं लागलं होतं, आणि ते पाल्याचं हिरवं नव्हतं. बोटं काळसर पडली होती. मी बोट दाबलं तर त्यांना कळलंसुद्धा नाही, ते माझ्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. काका ऐकेनात. मी हात जोडले, मी चिडलो, मी शेवटी शिवी दिली. ते शांतपणे परत फडकं बांधायला लागले.

"मॅडमनी माका सोता दाखयल्यानी. सगळे मेले. तू काय मॅडमपेक्षा मोठो झालंस?"

"मॅडमनी पायाला लावा सांगितलं होतं का?"

"दाखयल्यानी ता कित्याक मगे? मॅडम सांगतली तर जातंय. तुझा नको."

बाईंना फोन लावला. लागला नाही. परत लावला. मग मी वर बाईंच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं, आणि तिथल्या इंटरकॉमवरून खाली धुण्याच्या खोलीत फोन केला. नंबर एकदा चुकला. आवाज नाही चुकला, आवाज कधीच दगा देत नाही माझा.

"काका," मी म्हणालो, जाड, जरा नाकात. "पायाचं कळलं मला. तो पाला काढा. त्यात काही दम नाही. ती बशी खोटी होती. आपल्या लॅबच्या पोराबरोबर आत्ता हॉस्पिटलला जा... आत्ता."

थांबायचं तिथे बरोबर थांबलो. शेवटचा शब्द हळू.

पलीकडून काका म्हणाले, "खोटी?"

"हो."

"बरा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी खाली पोचलो तेव्हा ते बूट हातात घेऊन तयार होते. रिक्षा केली. म्युनिसिपल हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि मला विचारलं, इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक? मी सांगितलं नाही आम्ही काय काम करतो ते. संध्याकाळी दोन बोटं काढली. पाय राहिला. अजून थोडं थांबले असते तर पाय गुडघ्यापर्यंत गेला असता, असं त्या म्हणाल्या, आणि त्या काही घाबरवायला बोलणाऱ्या वाटत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काका जागे होते, तोंड भिंतीकडे. काकी उशाशी. काकींनी सांगितलं, रात्री शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच म्हणाले, घरी जा आणि दारातलं ते रोप उपटून टाक. काकींनी मुळासकट उपटलं, डब्यासकट कचऱ्यात टाकलं. काका भिंतीकडे बघूनच बोलले.

"आजयेन आमका सगळ्यांका ताच लावल्यान. माझ्या बापाशीक लावल्यान. सगळा खोटा तर."

तेवढ्यात बाई आल्या. निरोप त्यांना रात्री मिळाला होता. पाड्यावरच्या चिखलाच्या चपला तशाच होत्या. त्यांनी आधी पाय बघितला, मग केस पेपर वाचला, आणि मग स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, माझं चुकलं. मी तुम्हाला खळं दाखवलं. त्याच्याशेजारी फिनेलची बशी दाखवायला हवी होती."

काका म्हणाले, "तुमी कित्याक वायट वाटून घेतात मॅडम? तुमी फोनार सांगितल्यात म्हणान तर इलंय. बशी खोटी, पालो खोटो. सांगितल्यात ता बरा केल्यात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काकांच्या अंगावरची चादर नीट केली, उठल्या, आणि मला म्हणाल्या, जरा बाहेर ये.

बाहेर जिन्यापाशी खिडकी होती. लोक डबे घेऊन वर-खाली करत होते. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"माझा आवाज काढलास."

"हो बाई."

"चांगला निघाला असणार. काकांना शंका आली नाही." मला वाटलं सुटलो. "त्यांना इथं आणलंस, पाय वाचला. त्यासाठी तू माझा काय, देवाचा आवाज काढला असतास तरी मी बोलले नसते. बशी खोटी होती, हे तुला कुणी सांगितलं?"

"बाई, ते ऐकतच नव्हते, मी काय..."

"कुणी सांगितलं विचारते मी. परत लावली होतीस? पाला तपासलास? कंट्रोल कुठाय?"

एक माणूस बाळाला घेऊन वर आला, बाईंनी त्याला वाट दिली, आणि आवाज न चढवता पुढे बोलायला लागल्या. त्या चढवत नसत, तेच तर वाईट होतं.

"'पाला राहू दे, आधी पाय दाखवून या.' एवढं म्हणाला असतास तर गेले असते ते. माझं ऐकतात. मी आयुष्यभर एक वाक्य कमावलंय, माहीत नाही. लोकांना ते आवडत नाही, सरांना आवडत नाही, सोसायटीत मला कोणी बोलवत नाही त्याच्यापायी. आणि तू माझ्या तोंडून काय वदवलंस? ते फॉरवर्डवाले ठोकून सांगतात, खरं आहे. तू ठोकून सांगितलंस, खोटं आहे. काय फरक तुमच्यात?"

"चुकलं, बाई."

"त्या माणसाची दोन बोटं गेली. ती जाणारच होती. पण वर आजीही गेली त्याची, ती तू नेलीस. उपटलं ते रोप कळलं ना?"

मी मान हलवली. बाईंनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि घातला.

"आता आत जा. सांग त्यांना, बशी खोटी नव्हती. खरी होती असंही नाही. अजून माहीत नाही. बरे झालात की गावाहून दुसरं रोप आणा, परत लावू, असं मी म्हणालेय म्हणून सांग."

मी वळलो. मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो, कुठे थांबायचं, कुठला शब्द हळू. बाईंनी मागून हाक मारली.

"आणि माझ्या आवाजात नको. तुझा स्वतःचा एखादा असेल, तर त्यात सांग."